घास अडतो तेव्हा

शेगावात शिकणाऱ्या माणसाला गिळण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. स्टेशनवरची गरम कचोरी आपण दोन घासांत संपवतो आणि पुढे तिचं काय होतं याचा विचारही करत नाही. पुढे असते साधारण २५ सेंटीमीटर लांबीची एक मऊ नळी, म्हणजे अन्ननलिका. एरवी ती मिटलेली असते. घास आला की २० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फाकते आणि स्नायूंच्या लाटेने त्याला जठरात ढकलते. हीच नळी अरुंद झाली तर ती परत रुंद कशी करतात, हे या लेखात सांगायचं आहे. (मी कॉन्व्हेंटची. मराठी सेक्शनसाठी लिहितेय म्हणून डिक्शनरीतून जड जड शब्द काढले होते, ते रूममेटने खोडून टाकले. डॉक्टर ‘स्ट्रिक्चर’ आणि ‘डायलेटेशन’ म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

विषय डोक्यात आला तो माझ्या मामांमुळे. मेहकर तालुक्यातल्या गावी, लाईट गेलेली असताना, त्यांनी मोरीजवळची बाटली पाण्याची समजून तोंडाला लावली. आत संडास साफ करायचं ॲसिड होतं. दोनच घोट गेले. शेजारचे लोक मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला निघाले होते, पण मामी आडवी आली आणि थेट गाडी करून दवाखान्यात घेऊन गेली. तिने केलं ते अगदी बरोबर होतं. ओकारी झाली की तेच ॲसिड त्याच नळीतून दुसऱ्यांदा जातं. लिंबू किंवा सोडा देऊन न्यूट्रल करायचं म्हटलं तर त्या रिॲक्शनची उष्णता आतल्या जखमेवरच निघते. हे केमिस्ट्रीत आपण सगळ्यांनी शिकलेलं असतं, वेळेवर आठवत मात्र कोणालाच नाही.

ॲसिड आणि अल्कली दोन्ही जाळतात, पण तऱ्हा वेगळी. ॲसिडने वरच्या थरातली प्रथिनं गोठतात आणि त्यांची खपली थोडीफार अडसर होते. त्याने बऱ्याचदा जठराचं तोंडही आवळतं. अल्कली मात्र चरबीचा साबण करत खोल शिरते. आपल्या जिल्ह्यातलं लोणारचं पाणी अल्कलाईन म्हणून प्रसिद्ध आहे, त्याचा पी-एच दहाच्या आसपास. लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा टाकला तर पी-एच १४. स्केल लॉगॅरिदमिक आहे, म्हणजे चार अंकांचा फरक दहा हजार पटींचा. किती भाजलं ते एंडोस्कोपीने पाहून ग्रेड देतात. त्यासाठी जगभर वापरतात ते झरगर वर्गीकरण चंडीगडच्या पी.जी.आय.मधल्या डॉक्टरांनी १९९१ साली मांडलं. भारतात अशा केसेस किती आल्या असतील, ते यावरूनच समजावं.

आता खरी फसवणूक. दोन-तीन आठवड्यांत मामांची आग थांबली. खिचडी जाऊ लागली. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण जखम भरणं म्हणजे तिथे कोलॅजनचा वण तयार होणं, आणि वण आक्रसतो. स्ट्रिक्चर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत बनत जातं, म्हणजे दुखणं थांबल्यावर. पाचव्या आठवड्यात भाकरी अडली, मग वरणभात, मग पाण्याचा घोटसुद्धा हळूहळू उतरायला लागला. मामा म्हणाले, “पोरी, भाकर पाह्यली की डोयात पाणी येते.” ढोबळ नियम असा की आतला व्यास १३ मिलिमीटरच्या खाली गेला की घट्ट अन्न अडायला लागतं. पातळ पदार्थ मात्र बऱ्याच अरुंद जागेतूनही जातात, म्हणून माणूस पेज पीत दिवस काढतो आणि उशिरा डॉक्टरकडे जातो.

स्ट्रिक्चर फक्त ॲसिडनेच होतं असं नाही. वर्षानुवर्षं जठरातलं आम्ल वर येत राहिलं, रेडिएशन घेतलं, तरीही होतं. अंगात लोह फार कमी असलेल्या बायकांमध्ये नळीच्या वरच्या टोकाला पातळ पडदा तयार होतो. आणि खर्रा खाणाऱ्या मित्रांनो, घास अडणं हे कॅन्सरचंही लक्षण असतं, म्हणून रुंद करण्याआधी कारण बघतात, शंका आली तर तुकडा तपासायला पाठवतात.

डायलेटेशनची कल्पना जुनी आहे. थॉमस विलिस नावाच्या इंग्लिश डॉक्टरने १६७४ मध्ये देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका पेशंटचा अडलेला घास खाली ढकलायची सोय केली होती. या कामाच्या लवचिक दांड्यांना ‘बुजी’ म्हणतात. अल्जेरियातल्या त्या नावाच्या बंदरातून मेण यायचं, त्यावरून मेणबत्तीला फ्रेंचमध्ये बुजी म्हणू लागले, आणि सुरुवातीच्या दांड्या मेणाच्याच असत. हे सगळं आंधळेपणाने चालायचं. आत डोळ्यांनी बघायची सोय झाली ती फायबर ऑप्टिक्समुळे. मोगा, पंजाब इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं, आणि १९५७ मध्ये हर्शोविट्झ यांनी तसा गॅस्ट्रोस्कोप वापरात आणला.

आजची पद्धत अशी. पेशंट उपाशीपोटी, घशात बधिर करणारा स्प्रे, गुंगीचं औषध. एंडोस्कोपमधून मऊ टोकाची बारीक तार अरुंद जागेच्या पलीकडे जठरापर्यंत सोडतात आणि स्कोप काढून घेतात. मग त्या तारेवरून निमुळत्या टोकाची पोकळ बुजी सरकवतात, लहान मापापासून मोठ्याकडे. माप ‘फ्रेंच’मध्ये असतं, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. दुसरा प्रकार बलूनचा. तो अरुंद जागी ठेवून पाण्याने फुगवतात. हवा दबते, पाणी दबत नाही, म्हणून माप हातात राहतं. प्रेशर साधारण ३ ते ८ ॲटमॉस्फिअर, म्हणजे वरच्या टोकाला ११५ पी.एस.आय.च्या पुढे. आपल्या बाईकच्या टायरमध्ये ३०च्या आसपास असतात! बुजी पुढे सरकताना घासतेही आणि बाजूलाही ढकलते, बलून फक्त बाजूला. मला बलून जास्त सुबक वाटला. डॉक्टरांना बुजी आवडते, कारण वण किती अडवतोय ते हाताला कळतं.

मग एकदाच जोर लावून १५ मिलिमीटर का करत नाहीत? मामांनीही हेच विचारलं होतं. शीट मेटल वाकवताना स्प्रिंगबॅक येतो, पत्रा थोडा मागे येतो, म्हणून आपण तो जरा जास्त वाकवतो. वणही मागे येतो, पण इथे जास्त ताणायची सोय नाही. ताणलं की वण बारीक बारीक फाटतो, तेवढंच हवं असतं. पूर्ण भिंत फाटली तर लाळ आणि अन्न छातीच्या पोकळीत जातं आणि माणूस दगावू शकतो. शिवाय हूप स्ट्रेसचं सूत्र आठवा. तेवढ्याच प्रेशरला रेडियस वाढला की भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणून नियम असा की अडथळा हाताला जाणवायला लागल्यावर एका बैठकीत १-१ मिलिमीटरच्या तीनच पायऱ्या चढायच्या. एवढं करूनही ॲसिडच्या स्ट्रिक्चरमध्ये फाटण्याचा धोका साध्यापेक्षा जास्त असतो. घरी आल्यावर छातीत जोरात दुखणं, ताप, दम लागणं, मानेची कातडी दाबली की कुरकुर वाजणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

फाटलेली जागा पुन्हा भरते, पुन्हा आक्रसते. ती आक्रसायच्या आत पुढची बैठक हवी, म्हणून सुरुवातीला दर एक ते तीन आठवड्यांनी बोलावतात. मामांचं गाडं अडलं ते इथेच. तिसऱ्या वेळेनंतर भाकरी जाऊ लागली. मेहकरहून अकोल्याला एस.टी.ने जायचं म्हणजे दिवस मोडतो, सोबत येणाऱ्याचीही रोजी बुडते, त्यात सोयाबीन काढणीला आलेलं. दोन तारखा चुकल्या. परत गेले तेव्हा डॉक्टरांना पुन्हा सगळ्यात बारीक बुजीपासून सुरू करावं लागलं. मला यात मामांचा दोष दिसत नाही. आजार बरा वाटतो तेव्हाच तारीख पाळायची, हे कोणीतरी पहिल्याच दिवशी वणाचं चित्र काढून समजावून सांगायला हवं होतं. खर्चासाठी सरकारी जन आरोग्य योजनेत आपली केस बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

हट्टी वणात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन मग ताणतात, त्यावर चंडीगडलाच डॉ. राकेश कोच्छर यांनी बरंच काम केलं आहे. तरीही नाहीच जमलं तर मोठं ऑपरेशन करून जठर किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा वर ओढून नवी नळी बनवतात.

२०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी खटल्यात ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली, ती मुख्यतः हल्ले थांबवण्यासाठी. घरात बाटली बदलण्यावर कोणता कायदा चालणार? आमच्या हॉस्टेलच्या बाथरूममध्येही परवापर्यंत कोल्ड्रिंकच्या बाटलीत ॲसिड होतं. रेक्टर मॅडमना सांगितल्यावर ते मूळ डब्यात, कुलपात गेलं.

मामा सध्या १२ मिलिमीटरवर आहेत. भाकरी दुधात कुस्करून जाते, कोरडी अजून नाही. १४-१५ला पोचले आणि तिथे टिकले की दोन आठवड्यांचं अंतर महिन्यावर आणि मग तीन महिन्यांवर न्यायचं, असं डॉक्टर म्हणालेत. पुढची तारीख पोळ्यानंतरच्या सोमवारची आहे, आणि या वेळी सोबत मी जाणार आहे.