सॅकमधली साखर

करमाडहून एसटी सुटली की शेंद्रा, चिकलठाणा करत सिडको बसस्टँडला लागते. गेल्या जूनमध्ये याच रस्त्यावर माझी शुगर उतरली. शेंद्र्याच्या अलीकडे हात थरथरायला लागले, चिकलठाण्यापर्यंत घामाने ओढणी भिजली आणि शेजारची मैत्रीण काय बोलतेय तेच कळेना. सॅकमध्ये ग्लुकोजची पुडी होती. काढली नाही. का? तर तिने विचारलं असतं, ‘हे कशाला गं?’

मला टाइप वन डायबेटिस आहे, बारावीपासून. आजोबांची शुगर वेगळी, माझी वेगळी. माझ्या शरीराच्या संरक्षण यंत्रणेनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. गोड जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि कारल्याच्या रसाने तो जातही नाही. (हा रस आजवर किती जणांनी सुचवलाय, याची एक वही भरेल.) १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. ११ जानेवारी १९२२ रोजी ते लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचलं गेलं. त्याआधी आमच्यासारखी पोरं फार दिवस काढत नसत.

घरात मात्र एकच घोष : कुणाला सांगू नको, उद्या लग्नाचं बघायचंय. म्हणून कॉलेजात मी वॉशरूममध्ये उभ्याने इंजेक्शन घ्यायचे आणि बसमध्ये पुडी लपवायचे. त्या दिवशी मागच्या सीटवरच्या मावशींनी माझा चेहरा बघून प्रसादाचे बत्तासे पुढे केले. निव्वळ साखर! पंधरा मिनिटांत मी माणसात आले.

नंतर डॉक्टरांनी पुन्हा घोकून घेतलं. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात. १५ मिनिटं थांबायचं, तपासायचं. अजून खालीच असेल तर परत तेवढीच. पेढा, चॉकलेट यावेळी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८.

जेवणाचं गणित याहून किचकट. ‘ज्वारीची भाकरी आहे, खा बिनधास्त,’ असं आत्या म्हणते. पण भाकरीतही कर्बोदकं असतातच. दीड भाकरीचा डोस वेगळा, लग्नाच्या पंगतीतल्या भाताचा वेगळा. हिशोब डॉक्टरांनी बसवून दिलाय, मी फक्त तो पाळते. म्हणजे बहुतेक वेळा. पोलीस भरतीच्या तयारीसाठी पहाटे पळायला जाते तेव्हा आधी तपासतेच, कारण पळाल्यावर शुगर कधी कधी थेट रात्री झोपेत उतरते. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांचा निकाल. एक दिवस उपाशी राहून तो सुधारत नाही, मी करून पाहिलंय!

आपल्याकडचा खरा वैरी म्हणजे मे महिना. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पारा चाळिशीपार आणि वर लाइट गुल. मग आजीने मातीच्या मोठ्या भांड्यात छोटं ठेवलं, मधे ओली वाळू भरली, वर ओलं फडकं. फ्रिजइतकं गार नाही होत, पण लाइट येईपर्यंत निभावतं. बर्फात मात्र कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं.

हे सगळं एकट्याने करायची गरज नाही, हे मला उशिरा कळलं. आपल्या शहरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था टाइप वनच्या मुलांसाठी काम करते. परीक्षेतही सोय आहे : सीबीएसईने २०१७ मध्ये डायबेटिस असलेल्या विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळं परीक्षा हॉलमध्ये नेऊ दिली. जेईईच्या सूचनांमध्येही तशी मुभा असते. पण मागायची तर आधी सांगावं लागतं.

मी सांगितलं, त्याच मैत्रिणीला, त्याच बसमध्ये. ती म्हणाली, ‘एवढंच? मला वाटलं तू भाव खातेस.’ आता तिच्याही सॅकमध्ये ग्लुकोजची एक पुडी असते. परवा उन्हात तिनेच ती लिंबूपाण्यात घालून पिऊन टाकली. चिकलठाण्यापर्यंत भांडलो.