एका टेक्नो संकलनासाठी लोक एवढे वेडे का होतात?

हा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवतोय. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कापलंय, सगळं नाही.

मेसेज असोद्याहून आला होता. जळगावच्या शेजारचं असोदा. भरताची वांगी आणि बहिणाबाईंचं माहेर, या दोन गोष्टींसाठी तुम्हाला ते माहीत असेलच. श्रोते म्हणतात : "दादा, मागच्या वेळी तुम्ही त्या अहमदाबादच्या जुन्या टेपांच्या रेकॉर्डवर इतकं भरभरून बोलले. मग तुम्ही सांगितलेली टेक्नोची दोन-तीन संकलनंही ऐकली मी. यंत्र बिघडल्यासारखा आवाज आहे. आणि लोक त्यासाठी पैसे मोजता, रेकॉर्ड यायच्या आधीच बुक करता, रात्री जागून वाट पाहता. संकलन म्हणजे आपल्या लग्नातल्या डीजेचा पेनड्राइव्हच ना? मग त्याचं एवढं काय?"

प्रश्न एकदम रास्त आहे. आणि पेनड्राइव्हची उपमा मला जाम आवडली, तिच्याकडे शेवटी परत येतो.

आधी "यंत्र बिघडल्यासारखा" याचं बघू. टेक्नोमध्ये बास ड्रमचा ठोका प्रत्येक मात्रेवर पडतो : धम, धम, धम, धम. मिनिटाला साधारण १२० ते १४० ठोके. गायक बहुतेक वेळा नसतो. मुखडा नाही, अंतरा नाही. आपला कान गाण्यात चाल शोधतो, इथे ती सापडत नाही, म्हणून आपण म्हणतो की काहीच घडत नाहीये. पण जात्यावर बसलेल्या बाईचा विचार करा. तिला घरघर ऐकू येत नाही, घरघरीतला फरक ऐकू येतो. दाणे संपत आले की आवाज बदलतो, पीठ जाड पडायला लागलं की बदलतो. टेक्नो तसं ऐकायचं. तेच तेच चालू असतं आणि त्याच्या आत एखादा आवाज हळूहळू उघडत जातो, एखादा गायब होतो. तो गेल्याचं दहा सेकंदांनी कळतं. (इथे भागात एक तुकडा वाजवला होता, लिखाणात तो ऐकू येणार नाही, माफ करा.)

आता संकलन. पेनड्राइव्हमध्ये आपण काय भरतो? आधीच चाललेली गाणी. वऱ्हाड नाचेल याची खात्री असलेली. टेक्नोचं छोट्या स्वतंत्र लेबलचं संकलन बरोबर उलटं असतं. त्यातली बरीच नावं ऐकणाऱ्यानं कधी ऐकलेलीच नसतात. कुणीतरी एक माणूस, लेबल चालवणारा म्हणा किंवा नुसता हौशी, दहा-बारा जणांकडून एकेक ट्रॅक मागून घेतो, त्यांना एका क्रमात लावतो आणि म्हणतो : हे लोक एकत्र आहेत. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. माझ्या मते सगळा उत्साह त्या वाक्याचा असतो.

"टेक्नो" हे नावसुद्धा असंच पक्कं झालं, एका संकलनामुळे. १९८८ साल. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघे आणि त्यांच्या आजूबाजूची काही पोरं घरच्या घरी यंत्रांवर संगीत करत होती. ब्रिटनमधल्या नील रश्टननं त्यांचे ट्रॅक गोळा केले. त्या वेळी शिकागोचं "हाउस" संगीत इंग्लंडमध्ये जोरात होतं, त्यामुळे या संकलनाचं नावही "डेट्रॉइटचं हाउस" अशा धर्तीचंच ठरत होतं. पण अ‍ॅटकिन्सनं दिलेल्या ट्रॅकचं नाव होतं "टेक्नो म्युझिक". शेवटी कव्हरवर छापलं गेलं "टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट". ते संकलन व्हर्जिनच्या एका शाखेनं काढलं होतं, म्हणजे काटेकोर अर्थानं स्वतंत्र नव्हतं. पण रिवाज तिथून पडला. एका शहरातली चार पोरं आपापल्या घरात जे करत होती, त्याला कव्हरनं शेजार दिला.

शेजार नसला की काय होतं, ते बघायला मुंबईला चला.

चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा मोठा वादक. बास गिटार, स्टील गिटार, कीबोर्ड, सगळं. आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवलेलं. पडद्यामागचा माणूस, नाव कव्हरवर क्वचित. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जमवली : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रमचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र. आणि १९८२ मध्ये त्यांवर राग वाजवून रेकॉर्ड केले. भैरवी, ललित, भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे एकूण दहा. रेकॉर्डचं नाव "सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट". काढली एचएमव्हीनं.

यात टीबी-३०३ समजून घेण्यासारखं आहे. रोलँडनं ते एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बास वाजवून देणारं यंत्र म्हणून काढलं. त्यात ते सपशेल आपटलं, कारण त्याचा आवाज खऱ्या बाससारखा मुळीच येत नाही. १९८४ पर्यंत उत्पादन बंद. त्यात सुरावट भरायची ती सोळा खणांत, एकेका खणात एक सूर, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय. घसरणं म्हणजे आपल्याकडची मींड, अगदी तीच नव्हे, पण तिची चुलत बहीण. सोळा खण म्हटले की आपल्याला लगेच तीनतालाच्या सोळा मात्रा आठवतात. तो योगायोगच समजा, सम-खालीचा विचार त्या यंत्रात नाही. पण रागातले ठरावीक सूर पुन्हा पुन्हा फिरवत ठेवणारं आणि त्यांच्यामध्ये घसरणारं यंत्र, आणि खाली न थांबणारा ठोका, यातून जे निघालं ते आज ऐकाल तर वाटेल की कालच कुणीतरी बर्लिनमध्ये केलंय.

१९८२ मध्ये मात्र त्याचं काय करायचं, ते कुणालाच कळलं नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्याला ते यंत्र, डिस्को ऐकणाऱ्याला ते राग. रेकॉर्ड विस्मरणात गेली. तिकडे शिकागोत सेकंडहँड बाजारात स्वस्तात पडून असलेलं तेच टीबी-३०३ घेऊन फ्यूचर नावाच्या गटानं १९८७ मध्ये "अ‍ॅसिड ट्रॅक्स" काढला, आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचा अख्खा प्रकार उभा राहिला. त्यांच्या शेजारी लगेच दुसरे होते, तिसरे होते. चरणजितजींच्या शेजारी कुणीच नव्हतं.

२००२ च्या सुमारास एडो बाउमन या डच माणसाला भारतात रेकॉर्डी धुंडाळताना ही सापडली. त्यानं स्वतःच्या बॉम्बे कनेक्शन या छोट्या लेबलवर २०१० मध्ये ती पुन्हा काढली. आणि मग जो काही हलकल्लोळ झाला! काहींना तर वाटलं की ही थाप आहे, एफेक्स ट्विनसारख्या कुणीतरी गंमत म्हणून केलेली. सत्तरीच्या चरणजितजींना युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली, ते गेले आणि वाजवलंही. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते वारले. म्हणजे दाद मिळाली ती शेवटच्या पाचेक वर्षांत.

इथे चाहत्यांशी थोडं भांडतो. "अ‍ॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला" हे वाक्य तुम्हाला जागोजागी दिसेल. मला ते पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. एकच यंत्र दोन ठिकाणी दोन माणसांच्या हाती पडलं, दोघांनी आपापलं काढलं. पहिला नंबर लावण्याच्या नादात आपण त्या दहा रागांना नीट ऐकतच नाही. ललित ऐका एकदा.

आता मागच्या भागातल्या टेपा. जळगावहून ताप्ती लाइननं सुरत आणि तिथून अहमदाबाद, म्हणजे खानदेशाला तसं फार लांब नाही. तिथे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवून दिला. १९७२ पर्यंत गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे प्रयोग केले. हे टेक्नो नव्हे, तो शब्दच तेव्हा नव्हता. चरणजितजींना नव्हता तो शेजार यांना होता, एका छताखाली. पण बाहेर काही आलं नाही. टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. लंडनचे कलाकार पॉल पर्गस यांना त्या २०१७ मध्ये सापडल्या आणि २०२३ मध्ये "द एनआयडी टेप्स" हे संकलन स्टेट फिफ्टीवन कॉन्स्पिरसी या स्वतंत्र लेबलनं काढलं. पन्नास वर्षं! चुंबकी फीत दमट कपाटात एवढी टिकतेच असं नाही. तुमच्या घरच्या कॅसेटी काढून बघा.

असोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. बहिणाबाई गात होत्या, सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं ऐकता ऐकता कागदावर उतरवलं. १९५१ च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या, आणि ती वही अत्र्यांनी पाहिली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जी उतरवली गेली नाहीत ती गेली.

पैशाचं बोलू, कारण तोही प्रश्न होता. अशी संकलनं बहुतेक बँडकॅम्पवर विकली जातात. डिजिटल विक्रीतले १५ टक्के बँडकॅम्प घेतं, कार्डाचं शुल्क वेगळं. समजा संकलन ८०० रुपयांना आहे आणि दहा कलाकार आहेत. सगळं वजा जाता साधारण ६५० उरले, तर एका विक्रीमागे एका कलाकाराला ६५ रुपये. दोनशे लोकांनी घेतलं तर १३,०००, तेही लेबलनं स्वतःला काही ठेवलं नाही तर. म्हणून पुष्कळ जण वाटणीच्या भानगडीत न पडता सगळी रक्कम एखाद्या कामाला देऊन टाकतात. मार्च २०२० मध्ये, कोरोनात कार्यक्रम बंद पडले तेव्हा, बँडकॅम्पनं एका शुक्रवारी आपला वाटा सोडला. तो प्रघात पुढेही चालू राहिला. रात्री जागून वाट पाहणारे ते हेच, त्या शुक्रवारची.

रेकॉर्ड काढायची म्हटली तर आणखी गंमत. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावतात. पण टेक्नोचा जाड बास हवा तर खाच रुंद कापावी लागते, मग मिनिटं कमी होतात. सहा-सात मिनिटांचे दोनच ट्रॅक एका बाजूला. आठ ट्रॅक म्हणजे दोन तबकड्या, दुप्पट खर्च. शिवाय सुई मध्याकडे जाते तसा आवाजाचा दर्जा उतरतो, म्हणून दणकट ट्रॅक काठाकडे आणि शांत ट्रॅक आत. पुष्कळदा ज्या क्रमाचं आपण रसिकतेनं कौतुक करतो, तो या खाचेनं ठरवलेला असतो!

आणि चाहते पैसे देण्यापलीकडे एक काम करतात, नोंदी. डिस्कॉग्स ही रेकॉर्डींची प्रचंड सूची २००० मध्ये सुरू झाली ती मुळात इलेक्ट्रॉनिक संगीतासाठीच. कुणी वाजवलं, कुठे छापलं, तबकडीच्या आतल्या कडेवर कोणता क्रमांक कोरलाय, सगळं लोकांनी भरलेलं, फुकट. खुळेपणा वाटतो खरा.

आता तुमचा पेनड्राइव्ह. आपल्याकडच्या लग्नात, मिरवणुकीत वाजणारे ते मिक्स कुणीतरी बनवलेले असतातच ना? अहिराणी गाण्याखाली ठोका घालणारा, हलगीचा तुकडा कापून फिरवणारा कुणीतरी एका खोलीत रात्रभर बसलेला असतो. त्याचं नाव कुठे असतं? गाण्याच्या मधोमध ओरडणारा तो टॅग, "डीजे अमुक, तमुकगाव". आपल्याला त्याचा राग येतो, गाणं नासवलं म्हणून. पण ना कव्हर, ना लेबल, अशा ठिकाणी श्रेय लिहायला जागा तेवढीच, गाण्याच्या पोटात. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं तेव्हापासूनची ही पद्धत. फाइलचं नाव कुणीही बदलतं, टॅग काढणं अवघड. मला तर तो आवडायला लागलाय.

हे सगळं मी श्रोत्यांना उत्तरादाखल पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पेनड्राइव्हची यादी पाठवली. "ट्रॅक ०१", "खानदेशी न्यू मिक्स", "फायनल", "फायनल २". एकूण ४१ फाइली. टॅग ऐकून आणि दोन-चार फोन करून त्यांनी सहा जणांची नावं-गावं लावलीत. एक जण आता डीजे सोडून केळीच्या गाडीवर आहे म्हणे, पण त्याच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क घरी आहे. चालू होते का ते रविवारी बघणार आहोत.