बोट चिखलात बसते तेव्हा

सातपाटीच्या खाडीत बोट लागली तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. ही वेळ तांडेलाने आदल्या दिवशीच सांगितली होती, तिथी मोजून. कार्तिक वद्य तृतीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तिनाची पाऊणपट सव्वादोन. उद्या चतुर्थी, म्हणजे तीन. खाडी गाळाने इतकी भरली आहे की भरती चुकली तर बोट आत येत नाही आणि बाहेरही जात नाही. मुक्काम किती, हे नाखव्याच्या हातात नाहीच. यावेळी तो पावणेपंचवीस तासांचा होता.

माल उतरेपर्यंत नुसती गडबड. सरंगा वेगळा, बाकीचं वेगळं, टोपल्या, वजन, आरडाओरडा. (सरंगा म्हणजे पापलेट.) मग गावातले खलाशी घरी गेले. बोटीवर उरले तिघे, मोखाड्याकडचे. त्यांचं गावात घर नाही, आणि बोट राखायला कोणीतरी लागतंच. त्यांच्याबरोबर मीही थांबलो.

थोरला महादेव कोळी जमातीचा. नावात कोळी असला तरी घराण्यात याच्याआधी कोणी समुद्र पाहिलेला नाही. "पहिल्या फेरीला मी मासे नाय धरले दादा, नुसता ओकत होतो," तो हसत म्हणाला. दिवाळी झाली, नागली घरात आली की त्याच्या पाड्यावरची घरंच्या घरं वीटभट्टीला निघतात. त्याने बोट धरली त्याचं कारण सरळ आहे: भट्टीवर बायकापोरांसकट जावं लागतं, इथे उचल एकट्याच्या अंगावर. पोरं शाळेत राहतात.

मुक्काम म्हणजे विश्रांती असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. धाकट्याने गोड्या पाण्याच्या पिंपातून मोजून दोन तांबे घेतले आणि सहा दिवसांचं मीठ अंगावरून उतरवलं. कपडे दोरांवर वाळत पडले. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन थोरला बसला. सुई डाव्या हाताने चालवत होता, आणि उजव्या हाताची बोटं न बघताच पुढचं भोक शोधत होती.

याच दिवसांत, नोव्हेंबरात, अटलांटिककाठच्या लास पाल्मासच्या बंदरातही शे-दोनशे शिडाच्या बोटी अशाच बांधलेल्या असतात. अटलांटिक ओलांडून आता सेंट लुसियाला जाणारी हौशी लोकांची रॅली १९८६ पासून दरवर्षी तिथून सुटते. त्यांच्याही मुक्कामात पाणी भरणं, शिवणटिपण आणि कठड्यावरचं धुणंच. आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेही चार बंदरांत थांबत, दुरुस्त्या करत. बोटीला थांबणं परवडतं ते कामासाठीच. फरक एवढाच, की हौशी माणूस आपलं घर सोडून बोटीवर राहायला येतो. या तिघांना राहायला बोटच तेवढी आहे.

अंधार पडता पडता बोट चिखलात टेकली. आधी तळाशी एक दबका धक्का, मग हळूहळू सगळंच डावीकडे कलायला लागलं. मी खांब धरला. भंडाऱ्याने, म्हणजे आज तिघांत ज्याच्याकडे रांधणं होतं त्याने, मान वर न करता स्टोव्हच्या डाव्या पायाखाली लाकडाची पाचर सरकवली. पातेल्यातलं कालवण काठाशी आलं आणि तिथेच थांबलं. पाचर एका बाजूने जळून काळी पडली होती. जेवताना ताटं मात्र मांडीवर घट्ट धरावी लागली. नंतर तिघंही उताराला पाय करून झोपले. मी उलटा झोपलो आणि रात्रभर डोक्यात रक्त उतरल्यासारखं वाटत राहिलं. अकरा-साडेअकराला कधीतरी बोट परत तरंगली, हे मला त्यांच्या घोरण्यात खंड न पडल्यामुळे कळलंच नाही. सकाळी थोरल्याने सांगितलं.

बाराला बर्फ आला. ठेचून खणात भरला. मग डिझेल, पाणी, तांदूळ. गावाकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे थोरल्याने सुक्या बोंबलांचं गाठोडं दिलं. तो माणूस संध्याकाळच्या एसटीने मोखाड्याला जाणार होता.

पावणेतीनला गावातले खलाशी चढले. बोट सरळ उभी होती. भंडाऱ्याने पाचर पुसून मिठाच्या डब्यामागे ठेवली.