उकळूनही न जाणारा नायट्रेट

पाणी उकळलं की बाळाला द्यायला निर्धोक झालं, हे आपल्याकडे घराघरांत पक्कं रुजलं आहे. कॉलरा, कावीळ, जुलाब यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण पैठण तालुक्यात विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून तान्ह्याला पाजणाऱ्या घरांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यायला हवी. पाण्यात विरघळलेला नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहतो आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. तुरटीने तो खाली बसत नाही, क्लोरीनने नाहीसा होत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून संशयही येत नाही.

हा नायट्रेट इथे येतो कुठून? पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये लोकार्पण झालं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी इथल्या शेतीचं रूप पालटलं. कालव्याखाली ऊस वाढला, पाचोडकडे मोसंबीच्या बागा आहेत; दोन्ही पिकांना नत्र भरपूर लागतं. टाकलेला सगळा युरिया पीक घेऊ शकत नाही. मातीतले जिवाणू उरलेल्याचा नायट्रेट करतात. त्याच्यावर ऋण भार असतो, चिकणमातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे काळी जमीन त्याला धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर तो मुरमातून आणि बेसॉल्टच्या भेगांतून खाली उतरतो. विहिरीलगतचे उकिरडे, गोठे आणि शोषखड्डे त्यात भर घालतात. गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्याचं नाव केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत आलं आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतो. त्यापुढे कोणतीही सूट नाही.

खरं तर नायट्रेट स्वतः फारसा उपद्रवी नाही. शरीरात गेल्यावर जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, तिथून प्रश्न सुरू होतो. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि ते फेरस अवस्थेत असतील तरच ऑक्सिजन उचलू शकतात. ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनशी नायट्राइटची गाठ पडली की ते लोह फेरिक होतं. याला मेथिमोग्लोबिन म्हणतात. ते ऑक्सिजन वाहत नाही. शिवाय त्याच रेणूतलं बाकीचं चांगलं लोह आपल्याकडचा ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, ऊतींना सहज सोडत नाही. म्हणजे नुकसान दुहेरी. मोठ्या माणसाच्या लाल पेशींत हे बिघडलेलं लोह पुन्हा जागेवर आणणारं विकर अखंड काम करत असतं, म्हणून एरवी मेथिमोग्लोबिन सुमारे १ टक्क्यापुरतंच राहतं. पहिल्या काही महिन्यांत बाळाकडे हे विकर निम्म्याच्या आसपास असतं. त्याच्या जठरात आम्ल कमी असतं, तिथे जिवाणू तग धरतात, आणि जुलाब लागले असतील तर धोका आणखी वाढतो.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्याने निळ्या पडलेल्या तान्ह्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतरच पाण्यातल्या नायट्रेटला मर्यादा घालण्याचा विचार पुढे गेला. मेथिमोग्लोबिन १० ते १५ टक्क्यांवर गेलं की ओठ आणि नखं निळसर-राखाडी दिसू लागतात. ७० टक्क्यांपुढे जीव वाचणं कठीण. रक्त चॉकलेटी दिसतं. ऑक्सिजन लावूनही रंग सुधारत नाही, आणि कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर इथे फसतो: मेथिमोग्लोबिन खूप वाढलं तरी त्याचा आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो. उपाय मात्र आहे. मिथिलीन ब्लू हा रंग शिरेतून दिला की तो फेरिक लोह पुन्हा फेरस करतो आणि बाळ थोड्या वेळात गुलाबी होऊ लागतं. जन्मतः जी-सिक्स-पीडी विकर कमी असलेल्यांना तो बाधतो, म्हणून हे रुग्णालयातच व्हायला हवं.

नायट्रेट पालक-बीटमध्येही असतो, पण हे वाचून ते ताटातून काढू नका. मोठ्यांच्या शरीरात हीच साखळी कामाची ठरते. भाजीतला नायट्रेट लाळेतून तोंडात येतो, जिभेवरचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात आणि त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनू शकतो. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो; या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन भरलेलं हिमोग्लोबिन या वायूला क्षणात गिळून टाकतं. पण ऑक्सिजन सोडून रिकामं झालेलं हिमोग्लोबिन उलट नायट्राइटपासून हाच वायू तयार करतं, हे २००३ साली अमेरिकेत ग्लॅडविन आणि सहकाऱ्यांनी माणसांवरच्या प्रयोगात दाखवलं. जिथे ऑक्सिजन कमी पडतो, तिथेच वाहिनी रुंदावण्याची ही सोय मला विलक्षण वाटते. तयार झालेला वायू लाल पेशीच्या तावडीतून सुटून बाहेर कसा येतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. सिकलसेलमध्ये लाल पेशी फुटून हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडतं, वायू भराभर संपवतं आणि वाहिन्या आकसतात. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये हा आजार असलेल्या कुटुंबांच्या हालअपेष्टांमागे हेही एक कारण आहे.

पैठणच्या तान्ह्यांसाठी मात्र वेळेवर मिळालेली माहिती हेच संरक्षण आहे. आईच्या दुधात नायट्रेट फारसा उतरत नाही, म्हणून पहिले सहा महिने अंगावरचं दूध सर्वांत सुरक्षित. ते शक्य नसेल, तर पावडर कालवण्याआधी पाणी तपासून घ्यावं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे आणि त्या किटमध्ये नायट्रेटची चाचणी असते. 'पाणी चांगलं आहे का' एवढंच विचारू नका, 'नायट्रेट किती आला' असा आकडा मागा. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा मागा, कारण पाऊस वरचा नायट्रेट खाली नेतो. आकडा ४५ च्या वर असेल, तर बाळापुरतं तरी आरओचं किंवा दुसऱ्या तपासलेल्या स्रोताचं पाणी वापरा. गरोदरपणाच्या सातव्या-आठव्या महिन्यातच अंगणवाडीताईंनी हे घरी सांगावं, असं मला कळकळीने वाटतं. बाळ घरी आल्यावर अहवालाची वाट पाहायला वेळ नसतो.