धरणं भरली, तरी टँकर कशाला?

वकिलीच्या प्रवेशासाठी ‘क्लॅट’ देणारी मुलं तर्काच्या विभागात एका प्रकारापाशी अडतात. उताऱ्यातल्या दोन गोष्टी खऱ्या, पण एकीचं दुसरीशी पटत नाही. हा पेच सोडवणारं विधान पर्यायांतून निवडायचं. अमेरिकेच्या ‘एलसॅट’मध्येही हा प्रश्न नेहमीचाच.

पुण्याचंच उदाहरण रचू. समजा, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं ऑगस्टअखेर काठोकाठ भरली. तरीही पुढच्या दोन महिन्यांत शहरात टँकरच्या फेऱ्या गेल्या वर्षीपेक्षा वाढल्या. का?

(अ) यंदा घाटमाथ्यावर पाऊस जास्त झाला.
(ब) टँकरचे दर बरेच वाढले.
(क) हद्दीत नव्याने आलेल्या, जलवाहिनी न पोचलेल्या गावांत यंदा हजारो कुटुंबं राहायला आली.
(ड) धरणांतला साठा मोजताना चूक झाली.

पर्यायांकडे लगेच धावू नका. आधी स्वतःला विचारा, यात खटकलं काय? धरणात पाणी म्हणजे नळाला पाणी, असं आपण मनातल्या मनात धरून चाललो. उताऱ्यात तसं कुठेच म्हटलेलं नाही. पेच सुटतो तो इथे.

आता ‘अ’ बघा. धरणं का भरली ते कळलं, टँकरचं कोडं तसंच राहिलं. एकाच बाजूला लागू पडणारं असं विधान हा परीक्षकाचा आवडता सापळा. ‘ब’ने पेच आणखी घट्ट होतो, कारण महागल्यावर फेऱ्या कमी व्हायला हव्यात. ‘ड’ तर उताऱ्यालाच खोटं पाडतो, आणि ती मुभा आपल्याला नाही.

राहिला ‘क’. त्यातही बारकावा आहे. नुसतं ‘जलवाहिनी नाही’ म्हणून भागलं नसतं, कारण ती गेल्या वर्षीही नव्हती. फेऱ्या ‘वाढल्या’ का, याचा उलगडा ‘यंदा राहायला आली’ या शब्दांनी होतो. आणि हा पर्याय अगदीच हवेतला नाही. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते, नळ टाकायला वर्षं जातात. अर्थात परीक्षेत ही माहिती असण्याची गरज नाही. पर्याय खरा धरायचा आणि दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात का, एवढंच तपासायचं.

कधी प्रश्न उलटा येतो: ‘कोणतं विधान विसंगती दूर करत नाही?’ तेव्हा पेच वाढवणाराच पर्याय शोधत बसू नका. विषयाशी संबंध नसलेलं विधानही तिथे बरोबर उत्तर ठरतं. घाईत तो ‘नाही’ डोळ्यांतून निसटतो, म्हणून त्याखाली रेघ मारा.

क्लॅटमध्ये 120 प्रश्नांना 120 मिनिटं असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. दोन पर्याय नक्की बाद झाले असतील, तर उरलेल्यांतला एक निवडा आणि पुढे चला.