जत्रेतल्या ड्रॅगनचं कूळ

चैत्री पौर्णिमेला डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली, की माकुणसार-सफाळ्यापासून बोईसर-तारापूरपर्यंत घराघरांत बेत ठरू लागतात. मोठ्यांना देवीचं दर्शन घ्यायचं असतं, पावसाळ्याच्या बेगमीला सुकी मासळी आणि मसाले घ्यायचे असतात. मुलांना मात्र पाळण्यांखेरीज दुसरं काही दिसत नाही. आकाशपाळण्याचे दिवे लांबूनच खुणावतात, मौत का कुआँमधल्या मोटरसायकली छातीत धडधड उठवतात आणि त्यांच्या शेजारी लांबट गोल रुळांवर एक गाडी वर-खाली पळत असते. हिरवं तोंड, बटबटीत डोळे, बाहेर आलेली लाल जीभ. तिला रोलर कोस्टर कुणीच म्हणत नाही. ती ‘ड्रॅगन’.

हा ड्रॅगन कुठे जन्मला?

प्रश्न साधा आहे, पण पाळणेवाल्याला विचारलं तर उत्तर बहुधा आधीच्या मालकापाशी येऊन थांबतं. कोणत्या कारखान्यात बनला, कोणत्या साली, किती वजनाच्या हिशेबाने, हे सांगणारं कुणी नसतं. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. ज्या गाडीत आपण सहा वर्षांचं पोर बसवतो, तिचं मात्र विचारायलाच हवं.

या खेळाच्या मूळ गावाबद्दलही सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. फ्रेंच आणि स्पॅनिश लोक रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात, तर रशियन लोक त्यालाच ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. सेंट पीटर्सबर्गकडे लाकडी सांगाड्यांवर बर्फ गोठवून उंच घसरगुंड्या बांधत. 1817 साली पॅरिसमध्ये त्याच कल्पनेला चाकं लागली. पुढे 1884 साली लामार्कस थॉम्पसनने न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. एका टोकाला पोचल्यावर लोक उतरत आणि नोकर गाडी ढकलत वरच्या पातळीवर नेत.

फिरत्या मेळ्यातल्या कोस्टरची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण ती गाव बदलते, मालक बदलते आणि नावही बदलते. जर्मन अभियंता आंतोन श्वार्त्सकोप्फ (1924-2001) याच्या गाड्या पाहा. त्याची चार वेढ्यांची ‘थ्रिलर’ 1986 साली जर्मनीच्या मेळ्यांत अवतरली. 1998 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या पार्कात ती ‘टेक्सस टॉर्नेडो’ झाली, 2003 साली कॅलिफोर्नियात ‘झोंगा’, आणि पुढे मेक्सिकोत ‘त्सुनामी’. त्याचीच पाच वेढ्यांची ‘ऑलिंपिया लूपिंग’ 1989 साली म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये उभी राहिली. लंडनच्या हिवाळी मेळ्यात तिच्यावर ‘म्युनिक लूपिंग’ अशी पाटी लागते. लोखंड तेच, बारसं नवं. म्हणून जगभरचे कोस्टर-वेडे नावावर भिस्त ठेवत नाहीत. ते सांगाडा वाचतात.

सांगाडा वाचायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. पहिली खूण साखळीची. चढावर रुळांच्या मधोमध साखळी असेल आणि गाडी चढताना कट-कट-कट ऐकू येत असेल, तर एकदा वर नेऊन सोडली की ती पुढे आपल्या वजनावरच धावते. तो आवाज साखळीचा नव्हे. डब्याखालचा खटका दातेरी पट्टीवरून सरकत जातो त्याचा तो आवाज. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ही सोय. साखळी नसेल, चढावरही वेग पडत नसेल आणि चार-पाच फेऱ्या सलग होत असतील, तर ती मोटारीवर चालणारी. अशा गाड्यांत मोटार बहुधा डब्यातच असते आणि रुळांलगतच्या पट्टीवर घासत जाणाऱ्या ब्रशांतून तिला वीज मिळते. आपल्या लोकलला वरून मिळते, हिला खालून. जर्मनीतली माक आणि इटलीतली झाम्पेर्ला या कंपन्यांनी अशा गाड्या जगभर पोचवल्या, आणि झाम्पेर्लाच्या काही गाड्यांना ड्रॅगनचंच तोंड आहे.

म्हणजे जत्रेतला ड्रॅगन इटलीचा? इतक्या लवकर नाही. कूळ ठरवताना सर्वांत कमी विश्वासाची वस्तू म्हणजे तोंडच. फायबरचं तोंड साच्यातून निघतं, आणि एका तोंडावरून दुसरा साचा पाडणं कुठल्याही फायबरवाल्याला जमतं. नमुना पाहून अशा गाड्या बनवणारे आपल्या देशात बरेच आहेत. त्यात कमीपणा काही नाही. बोईसरच्या एमआयडीसीत फिरलेल्या माणसाला आपल्या फॅब्रिकेटरच्या हातातली ताकद ठाऊक असते. पण नकलेत बाहेरचा आकार उतरतो. आतला हिशेब उतरतोच असं नाही.

खरी साक्ष देतो तो बोल्ट. रुळाच्या दोन तुकड्यांच्या जोडावर वाकून पाहावं. तेरा मिलिमीटरचा पाना बोल्टच्या डोक्यावर नेमका बसला, तर माप मेट्रिक: युरोपातलं किंवा आपल्याकडचं. अर्धा इंची पानाच बसत असेल, तर वास अमेरिकेचा. दोहोंत फरक जेमतेम 0.3 मिलिमीटरचा, पण फिटरच्या हाताला तो क्षणात कळतो. एका बोल्टवर मात्र निकाल देऊ नये; जत्रेच्या धंद्यात हरवलेल्या बोल्टच्या जागी बाजारात मिळेल तो येतो. दहा जोड बघावेत, आणि कुठे बोल्टऐवजी नुसती तार पिळलेली दिसली तर कुळाचा शोध सोडून मुलाला खाली उतरवावं.

मग चाकं. चांगल्या कोस्टरला तीन प्रकारची चाकं असतात: रुळावर, रुळाच्या कडेला आणि रुळाखाली. खालच्या चाकांचं पेटंट अमेरिकेतल्या जॉन मिलरने 1919 साली घेतलं, आणि त्यानंतरच उंच, धाडसी कोस्टर बांधता आल्या, कारण गाडी रुळावरून उचलली जाण्याची भीती गेली. जत्रेतल्या गाडीखाली ही तिसरी चाकं आहेत का, हे बाहेर उभं राहूनही दिसतं.

शेवटी पाटी. कारखान्याचं नाव, अनुक्रमांक आणि साल कोरलेली लहानशी धातूची पट्टी. रंगाच्या पाच-सहा थरांखाली ती बुजलेली असते, नाहीतर तिच्या जागी रिव्हेटची चार भोकं उरलेली असतात. खोपोलीच्या इमॅजिकातली 2013 सालची ‘नायट्रो’ स्वित्झर्लंडच्या बॉलिगर आणि माबियार यांची, हे कुणालाही सांगता येतं. पार्क जागचा हलत नाही, त्याची कागदपत्रंही हलत नाहीत. फिरत्या पाळण्यांचं तसं नसतं. जर्मनीत यावर जुना तोडगा आहे. तिथल्या कायद्यात फिरत्या पाळण्यांना ‘उडती बांधकामं’ असं देखणं नाव आहे आणि प्रत्येकाबरोबर एक तपासणी-वही फिरते. नव्या गावात पाळणा उभा राहिला की आधी वही दाखवायची. गाडीचं आरसी बुक असतं, तसंच हे. आपल्याकडे स्कूटरला चासी नंबर लागतो. वीस पोरं घेऊन गरगरणाऱ्या ड्रॅगनलाही तो हवा, आणि तिकीटखिडकीवर सहज दिसेल असा हवा.

पंधरा दिवसांनी जत्रा उठते. ड्रॅगनचं तोंड आधी सुटतं आणि ट्रकच्या टपाजवळ आभाळाकडे डोळे करून पडतं. मग एकेक रूळ खाली येतो. पुढच्या गावी जोडताना गोंधळ नको म्हणून प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला असतो: 1, 2, 3… सातावर कुणीतरी नंतर गिरवलेला आठ. त्या गाडीचा लिहून ठेवलेला इतिहास सध्या तेवढाच.