कात ओढून काढायची नसते

गेल्या वर्षी जानेवारीत मी धाकट्या बहिणीकडे अमेरिकेत, मिशिगनला गेले होते. विमानतळावरच तिने सांगून टाकले, "ताई, घाबरू नकोस हं, पण पोराने साप पाळलाय!" पोरगा म्हणजे माझा पंधरा वर्षांचा भाचा. सापाचे नाव त्याने ठेवले होते शेषा.

शेषा म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर, जात बॉल पायथन. विषारी नाही. घाबरला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. पहिले दोन दिवस मी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. तिसऱ्या दिवशी काचेच्या पेटीत डोकावले, तर सापाचे डोळे दुधाळ, निळसर झालेले आणि अंगाची चकाकी गेलेली. मला वाटले, आजारी पडला. भाचा म्हणाला, "नाही मावशी, आता तो कात टाकणार. या दिवसांत त्याला हात लावायचा नाही आणि खायलाही द्यायचं नाही."

कात टाकण्याआधी साप आंधळा होतो, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत. ते अगदीच खोटे नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही बदलतो. जुन्या कातडीखाली नवी तयार झाली की दोन्हींच्या मध्ये एक द्रव पाझरतो. त्यामुळे डोळे धुरकटतात, सापाला नीट दिसत नाही आणि तो चिडका होतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मग साप खरबरीत जागेवर ओठ घासतो, तिथून कात सुटते आणि मोजा उलटा काढावा तशी शेपटीपर्यंत अखंड निघते.

शेषाची मात्र तशी निघाली नाही. आठवड्याभराने पाहिले, तर पेटीत कातीचे कपटे पडलेले. पाठीवर ठिकठिकाणी पापुद्रे चिकटलेले, शेपटीच्या टोकाला कातडीचे कडे अडकलेले आणि उजवा डोळा अजून धुरकट. पोराचा चेहरा एवढासा झाला. खरे सांगते, उन्हाने सोललेल्या पाठीचा पापुद्रा ओढावासा वाटतो ना, तसे माझे हात शिवशिवले. धीर करून मी बोट पुढे केले, तोच तो ओरडला, "मावशी, नको! खालची कातडी फाटेल!"

दुसऱ्या दिवशी त्याला सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी आधी सापाऐवजी घराची चौकशी केली. बाहेर गुडघाभर बर्फ, आत दिवसरात्र हीटर. पेटीतल्या आर्द्रतामापकावर आकडा होता २८ टक्के. या जातीला हवी सुमारे ६० टक्के, कात टाकताना त्याहूनही जास्त. कोरड्या हवेत जुनी कातडी सुटत नाही, अंगालाच वाळते. कधी पाणी कमी पडणे, अंगावर बारीक रक्तपिपासू किडे होणे, जुनी जखम किंवा कुपोषण हीही कारणे असतात. म्हणून नुसते पापुद्रे काढून भागत नाही, कारण शोधावे लागते.

उपाय मात्र अगदी साधे निघाले. हाताला जेमतेम कोमट लागेल असे पाणी पसरट डब्यात घ्यायचे, सापाच्या अर्ध्या अंगाइतकेच खोल. त्यात वीस-पंचवीस मिनिटे त्याला ठेवायचे आणि तेवढा वेळ जवळून हलायचे नाही. मग ओल्या टॉवेलच्या घड्यांतून त्याला आपला आपण सरकू द्यायचे. पेटीत ओले शेवाळ भरलेला, भोक पाडलेला डबा ठेवायचा, पाण्याचे भांडे मोठे करायचे आणि अंग घासायला एखादा खडबडीत ओंडका द्यायचा. शेपटीचे कडे दुर्लक्षून चालणार नव्हते. ते आवळत गेले तर रक्त पोचत नाही आणि टोक झडते.

आणि डोळा? डॉक्टरांनी बजावले, चिमटा लावायचा नाही. चिकटलेल्या खवल्याबरोबर खालचा ताजा खवला निघाला तर डोळाच जाऊ शकतो. हवा ओलसर ठेवा, बहुधा पुढच्या कातीबरोबर निघेल. नाही निघाला तर माझ्याकडे आणा.

तीन दिवसांत पाठ मोकळी झाली आणि शेपटीचे कडे टॉवेलमध्येच राहिले. डोळ्यासाठी मात्र वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. शाळेतून आल्याबरोबर दप्तर टाकून पोरगा आधी आर्द्रतामापक बघायचा. स्वतःची खोली कधी न आवरणारा हा मुलगा पेटीतले पाणी रोज न चुकता बदलायचा. मी परत आले, तेव्हाही तो डोळा धुरकटच होता.

आपल्याकडे हा छंद करता येत नाही आणि करूही नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप पकडणे आणि घरात ठेवणे गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनाही नोंदणी बंधनकारक आहे. आपली गाठ पडते ती माळ्यावर किंवा सरपणात सापडलेल्या कातीशी. साप तिथून गेला, एवढेच ती सांगते. तो अजून तिथेच आहे असे नाही. अर्धवट कात लोंबणारा साप अंगणात दिसलाच, तर कळवळ्यानेसुद्धा त्याला हात लावू नका. दगडधोंडे आणि ओल त्याची त्याला ठाऊक असते. तो घरात शिरला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मार्चअखेर एका पहाटे फोन वाजला. "मावशी, निघाली! अख्खी!" कातीचे डोके त्याने भिंगाखाली धरून पाहिले होते. दोन्ही डोळ्यांचे खवले जागच्या जागी होते आणि उजवीकडे एकावर एक असे दोन. शेषाचे डोळे काळेभोर, स्वच्छ झाले होते.

मग फोन बहिणीने घेतला. साप घरात आला तेव्हा हीच बाई आठवडाभर माझ्याशी फोनवर रडली होती. आता म्हणाली, "ताई, जरा थांब हं. त्याचं शेवाळ ओलं करून येते."